घरातलं एकच मत

गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला मेलिसाच्या कानात एक बाई म्हणाली, "अहो, फोन मला द्या ना. मला विचारतायत ते." आवाज लांबून आला होता, बहुधा स्वयंपाकघरातून, कारण मागे नळ चालू होता. लगेच जवळून एक पुरुषी आवाज हसत म्हणाला, "लिहा हो तुम्ही. आमच्या घरात एकच मत असतं." आणि कंपनीतून फोन लावणाऱ्या देवीदासचा ओळखीचा, अदबशीर आवाज म्हणाला, "बरं बरं काका, तसंच लिहितो." मेलिसानं हेडफोन काढला, कानाची पाळी चोळली, हेडफोन परत घातला आणि रेकॉर्डिंग थोडं मागे नेलं. नळ, बाई, हसू, बरं बरं काका. समोरच्या फॉर्मवर मतदाराचं नाव बाईचं होतं, वय चौसष्ट, आणि तळाशी हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, मुलाखत पूर्ण. खिडकीबाहेर एकोणिसाव्या मजल्याखाली दोहा नेहमीसारखं ऑक्टोबरच्या उन्हात पांढरं पडलं होतं आणि समुद्र असून नसल्यासारखा होता. ती बाई भांडी विसळत असणार, असं मेलिसाला वाटलं, आणि असं वाटायला काहीही आधार नव्हता. आकड्यांच्या माणसानं आधाराशिवाय काही वाटून घेऊ नये हा तिचा नियम होता. तरी तिला ते ओले हात दिसायचे थांबेनात.

अमेरिकेत तीन आठवड्यांवर राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली होती. तिथल्या पश्चिमेकडच्या एका राज्यात भारतीय वंशाच्या मतदारांना त्यांच्या त्यांच्या भाषेत फोन करायचे, कौल घ्यायचा आणि एका वृत्तवाहिनीला त्याचा अर्थ लावून द्यायचा, हे कंपनीचं काम होतं. फोन करणारे वेगळे. ते पहाटे चारला यायचे, कारण तेव्हा तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ असायची, आणि उन्हं वर यायच्या आत निघून जायचे. अर्थ लावायची मेलिसा. सातशे बारा मुलाखती झाल्या होत्या, दोन उमेदवारांना कचेरीत नुसतं अ आणि ब म्हणायची पद्धत होती, आणि अ चार टक्क्यांनी पुढे होता. एवढ्या नमुन्यात चार टक्के म्हणजे हवेचा झोत. दार उघडलं की गेला. हे ती तीन दिवस कौशिकला सांगत होती आणि कौशिक तीन दिवस म्हणत होता, "मेलिसा, क्लायंटला दार नकोय, वारा कुठून येतो ते सांग." कौशिक तिचा वरिष्ठ, मूळचा नाशिकचा, वयानं तिच्याहून सहा वर्षांनी लहान आणि आवाजानं मोठा. तीन वाजता अहवाल जायचा होता. त्याच्या शेवटच्या पानावर विश्लेषकाची सही लागे, सहीशिवाय वाहिनी आकडा दाखवत नसे, आणि विश्लेषक म्हणजे मेलिसा. जाण्यापूर्वी दर विसावं रेकॉर्डिंग ऐकून घ्यायचं, एवढा शेवटचा उपचार उरला होता. म्हणजे ती बाई विसांतून एकदा येणाऱ्या संधीनं तिच्या कानात आली होती, आणि संधीचा हिशेब तर मेलिसाचा पोटापाण्याचा धंदा.

मग तिनं विसावं सोडून पहिलं, दुसरं, तिसरं ऐकायला घेतलं. यादीत नाव बाईचं असलं की कान टवकारायचे, फोनवर कोण आहे ते कळलं की पुढचं लावायचं. बारा वाजेपर्यंत तिला कळून चुकलं होतं. फोन नवरा उचलायचा, फोन करणारा नवऱ्याला काका किंवा भाईसाहेब म्हणायचा, काका म्हणायचे ती कामात आहे, झोपली आहे, देवळात गेली आहे, तिला राजकारणातलं काही कळत नाही, आमचं एकच आहे. आणि बायकोचा फॉर्म नवऱ्याच्या तोंडून भरला जायचा. कुणीच लबाडी केली नव्हती. अमेरिकन पोरानं फोन केला असता तर तो यादीतलं नाव वाचून अडून बसला असता, त्याला काकांचा मान ठेवायचं काही पडलेलं नसतं. आपली माणसं मान ठेवायला गेली आणि एकशे अठरा बायका गिळून बसली. त्या एकशे अठरा बाजूला काढल्या तर अ उमेदवाराची आघाडी जाऊन ब अर्ध्या-पाऊण टक्क्यानं पुढे येत होता, म्हणजे खरं तर कुणीच पुढे नव्हतं. मेलिसानं तो आकडा कागदावर लिहिला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. तिला राग आला होता, पण कुणाचा ते कळेना. फॉर्ममध्ये ‘दुसऱ्यानं उत्तर दिलं’ अशी चौकटच नव्हती. फॉर्म तिनं स्वतः केला होता. बावीस प्रश्न, शहाण्णव चौकटी, आणि ही एक तिला सुचलीच नव्हती. वसईच्या वाडीत वाढलेल्या बाईला सुचू नये?

वाडीत निवडणुकीच्या आधी पंधरा दिवस माणसं दारात यायची. वडील, विल्यम, बाकड्यावर बसून प्रत्येकाला म्हणायचे, "चार मतं लिहून ठेवा, घरातली सगळी तुमची." जो येईल त्याला म्हणायचे. दारात आलेल्याला नाही म्हणायचं नसतं, मग तो कुठल्याही झेंड्याचा असो. पण आदल्या रात्री जेवताना ते खरं ठरवायचे आणि आईकडे न बघता सांगायचे की उद्या अमक्यावर शिक्का. आई भाकरी वाढत हो म्हणायची. सकाळी ती चर्चमध्ये मिस्साला नेसायची ती निळी साडी नेसायची, वेणी घालायची, शाळेत जाऊन यायची, बोटाची शाई मेलिसाच्या नाकाला लावायचा प्रयत्न करायची, पण ती वाळलेली असायची. वडील विचारायचे, "दिलंस ना सांगितलं तिथं?" आई म्हणायची, "हो." वर्षांमागून वर्षं हो. वडील गेल्यावर तिसऱ्या वर्षी मेलिसा सुट्टीवर गेली होती. पापड वाळत घालता घालता तिनं सहज विचारलं, आणि आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. म्हणाली, "एकदाही नाही गं. एकदाही नाही. आत कोण येतो बघायला?" मेलिसा तेव्हा तीस वर्षांची होती, संख्याशास्त्राची पदवीधर होती, आणि तिला वाटलं होतं, आपल्याला या घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. कुणाला देत होतीस, असं तिनं पुढे विचारलं. आई पापड उलटत राहिली. ते तिनं सांगितलं नाही, मरेपर्यंत नाही.

कौशिकनं तिचं सगळं ऐकून घेतलं, हे त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. खुर्चीत मागे रेलून त्यानं विचारलं, "बरं, पण नवरा-बायको साधारण एकाच बाजूला देतात हे तर खरं ना? डेटा आहे त्याचा." ती म्हणाली, "तो डेटा कुणाला विचारून जमवलाय ते विचार आधी." तो हसला नाही. म्हणाला, "कुणाकुणाचे कॉल आहेत?" बहुतेक सगळ्यांचेच होते, त्यात देवीदासचे एक्केचाळीस. "मग देवीदासला काढू. तळटीप टाक की एका ऑपरेटरची चूक झाली, ती दुरुस्त केली, आणि चार टक्के ठेव. प्रॉब्लेम सॉल्व्ह." इतक्या सहज म्हणाला की मेलिसाला क्षणभर ते शक्य वाटलं. देवीदास दरवाजाबाहेरच उभा होता. सातला शिफ्ट सुटली होती, पण आज रेकॉर्डिंग तपासली जाणार हे कळल्यामुळे तो इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारवस्तीकडच्या बसला गेला नव्हता. पंचेचाळिशीचा, नांदेडकडचा माणूस, आधी गोदामात होता, आवाज गोड म्हणून फोनवर आला. ती बाहेर आल्यावर म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं कसं आहे, अनोळखी माणसाच्या बायकोला फोनवर बोलवा म्हणणं बरं दिसत नाही ओ. मला वाटलं, मान ठेवावा. लई चुकलं का?" तिनं सांगितलं, "चुकलं. पण तुम्ही एकटे नाही चुकलात." मग परत आत जाऊन तिनं कौशिकला सांगितलं की काढायचं असेल तर फॉर्म करणारीला काढ, चौकट मी ठेवली नव्हती. आणि ती एकशे अठरा घरांना परत फोन लावणार, शुक्रवार-शनिवार, तोवर अहवाल थांबेल, सही मिळणार नाही. तिचा आवाज कापत होता. कापू दे, तिनं ठरवलं. कापऱ्या आवाजात नाही म्हटलं तरी ते नाहीच असतं.

तीन वाजून गेले आणि काहीच झालं नाही. कौशिक काचेपलीकडे फोनवर कुणाशी तरी बोलत होता, मोकळेपणानं, हसून, मधेच हात हलवून. क्लायंट असेल, असं ती धरून चालली. चार वाजता तिचा नवरा रॉय खाली गाडी घेऊन आला. तो इस्पितळात मशिनं दुरुस्त करायचा, त्याची सकाळची पाळी असली की मुलीला, जेनला, शाळेतून आणि मेलिसाला कचेरीतून उचलून मदिनत खलीफाला घरी न्यायचा. एकोणीस वर्षं दोह्यात, सोळा लग्नाला, आणि या माणसानं कधी आवाज चढवला नव्हता, कधी तिच्या पगाराला हात लावला नव्हता. पहिल्याच सिग्नलला तो म्हणाला, "मेल, कौशिकचा फोन आला होता दुपारी. म्हणाला, जरा समजाव. मी म्हटलं, टेन्शन घेऊ नकोस, करेल ती सही." सिग्नल हिरवा झाला. मेलिसाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग काचेपलीकडचं ते हसणं आठवलं, तो हलवलेला हात आठवला, आणि कानात नळ चालू झाला. "माझ्या सहीबद्दल बोलायला त्यानं तुला फोन केला?" "घरातलंच आहे गं. तू चिडली होतीस म्हणाला." "आणि तू हो म्हणालास." "रिन्यूअल आलंय ना पुढच्या महिन्यात. उगाच कशाला?" रॉय खरोखरच तिच्या भल्यासाठी बोलत होता, यात तिला तिळभर शंका नव्हती. ते काकाही भल्यासाठीच बोलत होते. तिच्या नोकरीचा कागद दर दोन वर्षांनी नवा व्हायचा तेव्हा रॉयचं ना-हरकत पत्र लागायचं, कारण तिचा इथला राहण्याचा परवाना त्याच्या नावावर होता. तो ते पत्र न वाचता सही करून द्यायचा आणि ती ते न वाचता पुढे पाठवायची. आठ वेळा. माझ्या पत्नीनं काम करण्यास माझी हरकत नाही. आठ वेळा तिला त्यात काही वाटलं नव्हतं, आता नवव्यांदा सही व्हायच्या आतच सगळ्या आठांचं एकदम वाटलं.

"गाडी बाजूला घे आणि त्याला फोन लाव," ती म्हणाली. रॉयनं तिच्याकडे पाहिलं. मागच्या सीटवर जेननं कानातले इअरफोन काढले. त्यानं एका करक चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली, जिथे संध्याकाळी गाड्यांची रांग लागते आणि पोरं हॉर्न ऐकून पळत येतात, आणि मुकाट्यानं नंबर लावला. गाडीच्या स्पीकरवर कौशिकचा आवाज घुमला, "हां रॉय, बोल. ऐकलं का तिनं?" मेलिसा म्हणाली, "रॉय नाही. मी बोलतेय." "माझ्या सहीचं विचारायचं असेल तर मला विचारायचं, कौशिक. आज विचारलंस तर नाही आहे. शनिवारी विचार, तेव्हा जे असेल ते सांगेन. आणि देवीदासला काढलंस तर शनिवारीही नाही." कौशिकनं खालच्या आवाजात सांगितलं की मग रिन्यूअलच्या वेळी त्याला काही करता येणार नाही. "नको करूस," ती म्हणाली आणि तिनंच फोन बंद केला. पगार गेला तर जेनच्या शाळेचं काय, वसईच्या घराच्या छपराचं काय, हे सगळे प्रश्न ओळीनं येऊन उभे राहिले आणि तिनं एकेकाला बघून घेतलं. तरी तिला बरं वाटत होतं, भीतीपेक्षा दोन बोटं जास्तच बरं वाटत होतं. टपरीवाला खिडकीशी आला. "तीन करक," ती जोरात म्हणाली, "एकात साखर कमी." मागून जेन म्हणाली, "मॉम, आय डोन्ट ईव्हन ड्रिंक करक. यू नेव्हर आस्क." मेलिसा वळली. चौदा वर्षांची पोर, ओठ बापासारखे, भुवया वर. साखर कमी असलेला तो चहा गेली दोन वर्षं मेलिसा तिच्यासाठी मागवत होती आणि तो थंड होऊन गाडीतच राहायचा. "मग काय हवंय तुला?" तिनं विचारलं. जेननं विचार करायला बराच वेळ घेतला, टपरीवाला खोळंबला, मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. "नथिंग," ती शेवटी म्हणाली. "पण थँक्स." मेलिसाला हसू आलं आणि तिनं टपरीवाल्याला दोन बोटं दाखवून दोनच करक सांगितले.

रॉय रात्री जेवताना म्हणाला, "उद्या मिस्सा आहे." दोह्यात रविवारची मिस्सा शुक्रवारी, हे आता अंगवळणी पडलेलं. ती म्हणाली, "तुम्ही दोघं जा. मी पहाटे कामावर जाणार आहे." तो ताटाकडे बघत बसला. "मला वाटलं, मी तुझं ओझं कमी करतोय." "माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि तिला खरंच माहीत होतं, म्हणूनच तर त्याच्यावर रागावणं इतकं अवघड होतं. वाईट माणसाला नाही म्हणायला काय लागतं? चांगल्याला म्हणताना जीभ जड होते, आणि आयुष्यभर तिच्या वाट्याला चांगलीच माणसं आली होती. "रॉय, ते पत्र या वेळी वाच," ती म्हणाली. "आधी वाच, मग सही कर किंवा करू नकोस. पण वाच." तो ताट उचलून आत घेऊन गेला. पहाटे साडेचारला मात्र तो कपडे करून, किल्ली हातात घेऊन दाराशी उभा होता. रस्ता रिकामा होता. इमारतीखाली तिला उतरवताना तो म्हणाला, "आणायला कधी येऊ?" आणि लगेच स्वतःला सावरून, "म्हणजे, येऊ का?" "ये," ती म्हणाली. "अकराला."

वर दिवे लागलेले होते. देवीदास आधीच येऊन बसला होता, केस ओले, भांग पाडलेला, मुलाखतीला आल्यासारखा. शुक्रवारी पहाटे बस नसते, त्याच्या वस्तीतून, एशियन टाउनपासून, टॅक्सी करून आला होता आणि ते सांगायला लाजत होता. मेलिसानं आदल्या संध्याकाळी फॉर्ममध्ये चौकट घातली होती: दुसऱ्यानं उत्तर दिलं. एकशे अठरा नावांपुढे तिथे खूण करून तिनं त्या सगळ्या मुलाखती अपूर्ण केल्या होत्या. हिरवी अक्षरं गेली तेव्हा तिला काहीतरी मोडल्यासारखं वाटलं नाही, उलट झाडून काढल्यासारखं वाटलं. "पहिला नंबर कोणाचा घेऊ?" देवीदासनं विचारलं. तिनं ते नाव दाखवलं, वय चौसष्ट. तिकडे अजून गुरुवारची संध्याकाळ होती, सात वाजले असतील, जेवणाच्या आधीची वेळ. तिनं दुसरा हेडफोन कानाला लावला. घंटा सहा वेळा वाजली.

"हॅलो?" काकाच.

"नमस्कार काका, मी देवीदास. मागच्या आठवड्यात निवडणुकीचं बोललो होतो तुमच्याशी."

"अरे, झालं की ते सगळं."

"नाही काका. झालं नाही." देवीदासनं मेलिसाकडे पाहिलं, मग डोळे मिटले. "चूक माझी झाली. यादीत नाव काकूंचं आहे आणि मी तुम्हाला विचारत बसलो. काकूंना द्यायचा का फोन?"

"अहो, सांगितलं ना मी, आमच्या घरात एकच…"

"असेल काका. पण ते त्यांच्या तोंडून ऐकायचंय." त्याच्या कपाळावर घाम आला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणा काकांचं बोलणं मधेच तोडलं असावं त्यानं. "तुमचा मान ठेवूनच म्हणतो मी."

काकांचा फोन तोंडापासून लांब गेला. मागे भांडी वाजत होती, ती थांबली, नळ बंद झाला. हात पुसत असेल ती, मेलिसाच्या मनात आलं, पदराला नाहीतर नॅपकिनला, घाई न करता. एवढी आधाराशिवायची गोष्ट तिनं आज स्वतःला करू दिली.

"बोला," बाई म्हणाली. आवाज वाटला होता त्यापेक्षा जाडा होता.

देवीदासनं नाव विचारून खात्री केली, वय विचारलं, मतदार म्हणून नोंद आहे का विचारलं. बाईनं प्रत्येकाचं नीट उत्तर दिलं. मग त्यानं सातवा प्रश्न वाचला, कागदावर होता तसा, एक शब्द इकडचा तिकडे न करता: आज निवडणूक झाली तर तुम्ही या दोघांपैकी कोणाला मत द्याल?

"हां," बाई म्हणाली. मागून काका काहीतरी पुटपुटले. "तुम्ही थांबा हो जरा," ती त्यांना म्हणाली, आणि मग फोनमध्ये, अगदी शांतपणे, "ते मी नाही सांगणार."

देवीदास गोंधळला. "काकू, नाव नाही सांगत आम्ही कुणाला. गुप्त असतं."

"माहितेय मला. म्हणूनच सांगणार नाही. तुम्हाला नाही आणि ह्यांनाही नाही." ती हसत होती का? मेलिसानं हेडफोन कानावर घट्ट दाबला. "मला विचारलंत ना आता? मग माझं उत्तर लिहा."

पापड वाळत घालताना खाली बसून हसणारी एक बाई मेलिसाला आठवली, आणि तिचे डोळे भरून आले, आणि ते तिनं पुसले नाहीत. देवीदास तिच्याकडे बघत होता, आता काय लिहू असं विचारत. अ नाही, ब नाही, ठरलेलं नाही असंही नाही. तिनं स्वतः हात पुढे करून ‘उत्तर देण्यास नकार’ या चौकटीत खूण केली. तळाशी हिरवी अक्षरं उमटली: मुलाखत पूर्ण.

"थँक्यू काकू," देवीदास म्हणाला आणि फोन ठेवून खुर्चीत मागे टेकला. "मॅडम, असं सगळ्यांनीच म्हटलं तर?"

"तर तसं लिहू," मेलिसा म्हणाली. "आणि खाली सही करू. यल्ला, चला, पुढचा नंबर लावा."